परशा वाचून दर वेळी ‘तात्पर्य’ काढायलाच हवं का?

नवगावची नात (गुरुवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. घरात एक वाद झालाय. तुमचं मत हवंय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी, राहायला ठाण्यात. तोराची, म्हणजे आमच्या धर्मशास्त्राची, पाच पुस्तकं आमच्याकडे वर्षभरात वाचून पुरी होतात. त्यांचे ५४ भाग, आणि दर शनिवारी सकाळी प्रार्थनालयात एक, काही आठवडे दोन जोडून. त्या भागाला आम्ही परशा म्हणतो. सिम्हाथ तोराला, म्हणजे वाचन पुरं होण्याच्या सणाला, शेवटच्या ओळी वाचल्या की लगेच, त्याच बैठकीत, पुन्हा उत्पत्तीच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात.

माझी आई ७८ वर्षांची आहे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ (आमचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागला, मनुकांच्या शरबतावर किद्दुश, म्हणजे त्याच्या स्वागताची प्रार्थना, झाला, जेवणं उरकली, की ती मराठी पवित्र शास्त्राचं जाडजूड पुस्तक मांडीवर घेते. खाकी कव्हर, पानापानांत खुणेला बसची जुनी तिकिटं. त्या आठवड्याची परशा वाचते आणि मग एकेकाला विचारते, “तू काय घेतलंस?” उत्तर द्यायचं ते घरातलं, ऑफिसातलं, शेजारपाजारचं. ‘देव महान आहे’ म्हटलेलं तिला चालत नाही.

गेल्या शुक्रवारी माझा मुलगा, वय १७, म्हणाला, “आजी, शाळेच्या पुस्तकात गोष्टीखाली तात्पर्य छापायचे, तसं झालंय हे. पुस्तक आपल्यापेक्षा मोठं आहे म्हणतेस, आणि दर आठवड्याला आपल्या मापाचं कापून घेतेस.”

आई काही बोलली नाही. पुस्तक मिटून आत गेली. मला दोघांचंही पटतंय, त्यामुळे मधल्यामध्ये माझी झोप उडालीय.

या शनिवारी ‘की तेत्से’ आहे, ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायापासूनची. तोरातल्या ६१३ आज्ञांपैकी ७४ एकट्या या परशात येतात. उद्या रात्री आई विचारेल की नाही कोण जाणे. विचारलं तर काय सांगू? आणि मुलाला काय सांगू?

मोकळा माळ

मुलगा हुशार आहे. त्याला रागावू नका.

खळं

मी यहुदी नाही. अलिबागजवळच्या गावचा, शेतकरी घरातला. आमच्या आजोबांच्या तोंडून ‘शनिवार तेली’ हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. तेलाचे घाणे चालवणारी तुमची माणसं, शनिवारी घाणा बंद, म्हणून ते नाव.

ताई, याच परशात मळणीच्या बैलाची आज्ञा आहे ना? आमच्या शाळेतल्या एका सरांकडून ऐकली होती. मळणी करणाऱ्या बैलाला मुसकं बांधू नये.

आमच्या खळ्यावर भाताची मळणी बैलांनीच व्हायची. मधे तिवडा, त्याला दावणीने बांधलेले चार बैल, आणि मागून हाकणारा मी, वय वर्षं नऊ. बैल चालता चालता मान खाली घालून एक घास ओढायचा. शेजारचे एक काका मुसकं बांधायचे, शिंकाळ्यासारखं विणलेलं. आमचे आजोबा बांधायचे नाहीत. म्हणायचे, “त्याच्या पायाखालून आपलं वर्षाचं अन्न निघतंय, चार घास गेले तर गेले.” आजोबांनी तोरा वाचलेली नव्हती. तरी ते वाक्य ऐकलं तेव्हा मला आमचं खळंच दिसलं.

घाण्याच्या बैलाला मात्र डोळ्यांवर झापड असते. त्याबद्दल काही लिहिलंय का, उत्सुकता आहे.

नवगावची नात

@खळं, झापडीचं थेट काही नाही लिहिलेलं. पण माझ्या पणजोबांचा घाणा होता. आई सांगते, दुपारी घाणा थांबवून झापड सोडायची आणि पहिली पेंड बैलाला, मग घरच्यांचं जेवण. तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

शिलालेख

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट लिहितो. मुलाचा मुद्दा तुम्ही सगळे बैलाच्या गोडव्यात बुडवताय.

की तेत्सेमध्ये बैल आहे, तसाच आणखीही मजकूर आहे. युद्धात पकडून आणलेल्या बाईशी लग्न कसं करावं, आणि हट्टी, बंडखोर मुलाला गावच्या वेशीवर नेऊन दगडमार करावा, हे त्याच परशात, बैलाच्या आधी येतं. त्यातून शुक्रवारच्या जेवणानंतर काय ‘घ्यायचं’? सोयीचं तेवढं उचलायचं आणि बाकीचं पान उलटायचं, याला मुलगा ‘मापाचं कापणं’ म्हणतोय. आणि तो बरोबर आहे.

दर्यावर्दी

@शिलालेख +१

लाल देऊळ गल्ली

@शिलालेख, प्रश्न रास्त आहे. पण पान उलटलं गेलं, हे खरं नाही. त्या बंडखोर मुलावर जितका खल झालाय तितका बैलावर झाला नसेल.

ताल्मूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) जुन्या चर्चांच्या ग्रंथात, सनहेद्रीन नावाच्या भागात याची चर्चा आहे. शास्त्रात आईबाप म्हणतात, “हा *आमचा आवाज* ऐकत नाही.” ‘आवाज’ एकवचनी. रब्बी यहूदा म्हणतात, म्हणजे आईचा आणि बापाचा आवाज अगदी एकसारखा असायला हवा, आणि तसंच रूप आणि उंचीही. तसं नसेल तर त्या मुलाला शिक्षा देताच येत नाही. पुढे म्हटलंय की असा मुलगा कधी झाला नाही, होणारही नाही. मग लिहिलं कशाला? अभ्यास करून त्याचं फळ मिळवण्यासाठी. आणि लगेच दुसरे रब्बी योनाथान म्हणतात, मी असा मुलगा पाहिलाय आणि त्याच्या कबरीवर बसलोही आहे. दोन्ही मतं तशीच शेजारी शेजारी ठेवलीत.

मी शिक्षिका होते, ३१ वर्षं. ‘आईबापाचा आवाज एक असायला हवा’ हे वाचल्यावर पालकसभेतले कितीतरी चेहरे डोळ्यांपुढे आले. आई एक सांगते, बाप दुसरं, आणि मुलगा ऐकत नाही म्हणून दोघं माझ्याकडे. दोन आवाज असतील तर पोराला दोष देता येणार नाही, हे त्या जुन्या लोकांनी दगडमाराच्या आज्ञेतून काढलं. याला मी कापणं म्हणणार नाही. नको असलेलं पानसुद्धा हातातून सोडलं नाही, असं म्हणेन.

शिलालेख

हे माहीत नव्हतं. विचार करतो. पकडलेल्या बाईचं मात्र उत्तर आलं नाही.

लाल देऊळ गल्ली

नाही आलं. मलाही ते वाचताना दर वर्षी त्रास होतो. तिला महिनाभर आईबापांसाठी रडू द्यावं आणि नंतर नको झाली तर विकता येणार नाही, मोकळं सोडावं, असं पुढे आहे. त्या काळाच्या मानाने तो लगाम होता असं शिकवतात. माझं त्यावर समाधान होत नाही, आणि मी ते झालंय असं दाखवतही नाही.

हक्काची मावशी

धागा वाचतेय. एक अवांतर, पण याच विषयातलं.

पिन्हास नावाच्या परशात सलाफहादच्या पाच मुली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नाही, म्हणून जमिनीतून बापाचं नाव पुसलं जाणार. पाचही जणी मोशेपुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहतात आणि वाटा मागतात. मोशेला उत्तर येत नाही, तो देवाला विचारतो. आणि देव म्हणतो, मुली योग्य बोलतात.

माझ्या वडिलांच्या पश्चात भावांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं तेव्हा मी सही करायला बसले होते. आपल्यात १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू, त्यात मुलगा-मुलगी समान. पण कायदा फायलीत असतो आणि भाऊ समोर बसलेला असतो. त्या आठवड्यात योगायोगाने पिन्हास होती. मी पेन खाली ठेवलं आणि “पुढच्या महिन्यात बघू” म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. वाटा मिळाला, भावांशी बोलणंही दोन वर्षांनी सुरू झालं.

तात्पर्य म्हणा नाहीतर आणखी काही. मला त्या पाच जणींची नावं पाठ होती म्हणून मी गप्प बसले नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

दर्यावर्दी

मावशी, साष्टांग नमस्कार.

मोकळा माळ

पण पुढे ‘गणना’ या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात त्याच मुलींना सांगितलं जातं की लग्न आपल्याच वंशातल्या पुरुषांशी करा, जमीन बाहेर जाऊ नये म्हणून. काकांच्या मुलांशी करावी लागली. ते कोणी सांगत नाही.

हक्काची मावशी

सांगतात की. एक-दोन आठवड्यांत तीही परशा येतेच, चुकवता येत नाही. दिलेलं थोडं परत घेतल्यासारखं वाटतं, ते वाटू द्यावं. घरोघरी असंच होतं ना? पदरात काही पडतं, आणि मागोमाग त्याला एक अट येते.

चिकाचा हलवा

मनुकांच्या शरबताची कृती कोणी देईल का? सासूबाई गेल्या, लिहून ठेवली नव्हती.

लाल देऊळ गल्ली

काळ्या मनुका स्वच्छ धुऊन रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या. सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्करायच्या आणि पातळ फडक्यातून पिळून गाळायच्या. काहीजण आधी एक उकळी देतात. साखर नको, मनुकांची पुरते.

चिकाचा हलवा

आभार. फडकं विसरत होते, म्हणून गढूळ व्हायचं.

लोदचा रहिवासी (शुक्रवार, दुपारी)

शब्बाथ लागायच्या आत लिहितो. टंकायला वेळ लागतो, चुका पदरात घ्या.

आमचं घराणं रेवदंड्याचं. वडील १९६१ मध्ये आम्हाला घेऊन इस्राएलला आले, मी तेव्हा ११ वर्षांचा. इथे आल्यावर माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं आणि विवाहनोंदणीच्या कचेरीत तिच्या कागदांवर बोट ठेवलं गेलं. तुम्ही बेने इस्राएल, तुमच्या आईची आई कोण, तिची आई कोण, पुरावा आणा. शेकडो वर्षं कोकणात शेमाची प्रार्थना म्हणत राहिलो, शनिवारी घाणा थांबवला, सुंता केली, आणि आता पुरावा. आमच्या माणसांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत हे जाहीर झालं.

त्याच्या आधीच्या वर्षी की तेत्सेच्या शनिवारची गोष्ट. वडिलांना अलिया होती, म्हणजे वाचनासाठी वर बोलावलं होतं. त्यांच्या भागात ती ओळ आली: उपऱ्याचा आणि पोरक्याचा न्याय विपरीत करू नकोस, तू मिसरात दास होतास हे आठव. ओळ वाचली जात असताना वडिलांनी तेबाचा, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्याचा, कठडा धरला. मी खाली उभा होतो, त्यांची बोटं पांढरी पडलेली दिसली. घरी आल्यावर त्या ओळीवर काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. त्या दिवशी घरात कोणी तात्पर्य काढलं नाही.

नंतरची गोष्ट. १९९० च्या सुमारास आमच्या वस्तीत इथिओपियाहून आलेली कुटुंबं राहायला आली. लोक कुजबुजायचे, हे खरे यहुदी का. वडील तेव्हा सत्तरीत. सकाळी पहिल्या बसने एका घरातल्या मुलाला शाळेत पोचवायचे, कारण त्याच्या आईला रस्ता कळत नव्हता. मी एकदा म्हटलं, पपा, थंडी आहे, राहू दे. म्हणाले, “ती ओळ आठवते ना?” २७ वर्षांनी.

तुमच्या मुलाला सांगा, ओळ लगेच काही देत नाही. दर वर्षी येत राहते, कारण माणूस दर वर्षी तोच नसतो. शब्बाथ शालोम.

शिलालेख

काका, माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण हे वाचून बराच वेळ बसून राहिलो.

दर्यावर्दी

माझा पगार तीन महिने अडकला होता. एका खासगी ठिकाणी कामाला होतो, रोज ‘उद्या’ म्हणायचे. कोणीतरी सांगितलं की तोरामध्ये मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं आहे. ते याच परशात का?

लाल देऊळ गल्ली

हो, २४व्या अध्यायात. मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला आहे. ताल्मूद विचारतो, ‘जीव लागलेला’ म्हणजे काय? हा माणूस शिडीवर का चढला, झाडाला का लटकला, मरणाला का सामोरा गेला? मजुरीसाठीच ना?

झाडाला लटकलेला माणूस म्हटलं की मला आमच्या किहीमच्या वाडीतला नारळ पाडणारा दिसतो. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता. आजी त्याला झाडावरून उतरल्या उतरल्या पैसे द्यायची, नारळ मोजायच्या आधी.

खळं

आमच्याकडे मोजून झाल्यावर देतात. आता बदलावं लागेल.

चिकाचा हलवा (शनिवार, सकाळी)

धागाकर्त्या ताई कुठे गेल्या? आईने विचारलं का रात्री?

मोकळा माळ

शब्बाथ आहे. आकाशात तीन तारे दिसले की येतील.

नवगावची नात (सोमवार, रात्री)

उशीर झाला, माफ करा. सगळं वाचलं. लोदच्या काकांचा प्रतिसाद आज मुलाने स्वतः आजीला वाचून दाखवला.

शुक्रवारी आईने परशा वाचली, पण कोणालाच विचारलं नाही. पुस्तक मिटणार इतक्यात मुलगाच म्हणाला, “आजी, ती कठड्याची ओळ पुन्हा वाच.” २२व्या अध्यायातली. नवं घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा बांध, कोणी पडलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येऊ नये. आईने वाचली. तो म्हणाला, “आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ कठडा तुटलाय.”

तुटलाय खरा, दोन वर्षं. सोसायटीच्या सभेत तीनदा विषय झाला. वरच्या मजल्यावरचे म्हणतात सगळ्यांनी खर्च द्यावा, खालचे म्हणतात आम्ही गच्चीवर जातच नाही. मी सभेला बसले होते तीनही वेळा, हात वर केला नाही. तिथे संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची दोन लहान मुलं पतंग उडवतात.

शनिवारी दुपारी आम्ही तिघं वर गेलो. आई जिना दोनदा थांबून चढली. नुसतं पाहिलं, शब्बाथला मोजमाप नको म्हणून मुलाने हाताचे तळवेही लावले नाहीत. रात्री शब्बाथ सुटल्यावर मात्र टेप घेऊन तो एकटाच वर गेला. रंबाम या जुन्या धर्मपंडिताने कठड्याची उंची किमान दहा मुठी सांगितलीय, आणि टेकणारा माणूस पडणार नाही इतका तो भक्कम हवा. आमचा तुटका भाग जेमतेम चार मुठी, आणि हात लावला तर वीट हलते. त्याने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, मापासकट. खाली फक्त ‘उद्या गवंडी बोलावतोय, खर्चाचं नंतर बघू’ एवढंच लिहिलं. तोराचं नाव नाही.

रविवारी सकाळी गवंडी आला. दिवसभराचं काम निघालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सिमेंटची गोणी स्वतः वर पोचवली, ज्यांनी सभेत सगळ्यात जास्त विरोध केला होता तेच. साडेपाचला शेवटची वीट बसली. आईने मला वरून खाली पाठवलं, कपाटातल्या डब्यातून पैसे आणायला. एटीएम लांब, फोनवरून पाठवते म्हटलं तर गवंडीदादांचा फोन चार्ज नव्हता. मी धापा टाकत पैसे घेऊन वर पोचले तेव्हा खाडीच्या बाजूला सूर्य अजून हातभर वर होता. आईने नोटा मोजून त्यांच्या हातात दिल्या.

शिलालेख

मुलाने परत काही युक्तिवाद केला का?

नवगावची नात

केला की. म्हणतो, “मी तात्पर्य काढलेलं नाही, कठडा बांधलाय.” आई म्हणाली, “बरं.” येत्या शनिवारी ‘की तावो’ आहे, पहिल्या फळांची टोपली देवापुढे नेण्याची. ती आत्तापासून विचारतेय की त्याच्या पहिल्या शिकवणीचे पैसे त्याला कधी मिळणार.

खळं

कठड्याचा फोटो टाका ताई. आणि ओला असताना पाणी मारायला विसरू नका, सात दिवस तरी.

नवगावची नात

पाणी मारायचं काम पतंगवाल्या दोन मुलांनी घेतलंय. सकाळ-संध्याकाळ, आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसते.